जार घेण्याआधी तळ बघा: फोंड्यातली वीस लिटरच्या पाण्याची सेवा आणि आमच्या घरातल्या बाटल्या

फोंड्यात आमच्या वाड्यावर वीस लिटरचे पाण्याचे जार पोचवणाऱ्या एका पुरवठादाराकडून आम्ही गेली काही वर्षं पाणी घेतो. त्या सेवेबद्दल हे लिहिते आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण जे गुणदोष सांगणार आहे ते गोव्यात जार पुरवणाऱ्या कुठल्याही गाडीला लावून बघता येतील. आधीच सांगते: पाण्याची चव चांगली, माणसं वेळेवर येणारी, बोलायला नीट. माझं त्यांच्याशी वाजलं ते पाण्यावरून नाही, जारावरून.

मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरातल्या वस्तूंचे तळ, लेबलं, शिक्के वाचायची सवय काही सुटली नाही. सून बाळंत होऊन आली आणि घरात नातीसाठी पाणी वेगळं काढायला लागलो, तेव्हा ही सवय जास्तच कामाला आली.

फोंड्याला आणि तिसवाडीला ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं शुद्ध केलेलं पाणी येतं. एरवी ते चांगलंच असतं आणि आमच्याकडे ते उकळून, गाळून पितात. पण ऑगस्ट २०१९ मध्ये केरी-खांडेपारला मोठी जलवाहिनी फुटली, दोन्ही तालुक्यांचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीत जार दारोदार उतरले. पाणी परत आलं तरी जार राहिले. २०२२ मध्ये घरोघरी नळ पोचल्याचं प्रमाणपत्र मिळवणारं गोवा हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. तरीसुद्धा आज फोंड्यात भाड्याची खोली, दवाखाना, सलून, शिकवणीचा वर्ग, कुठेही जा, कोपऱ्यात निळा जार उभा दिसतो. म्हणजे इतकी माणसं ज्या भांड्यातून रोज पाणी पितात, ते भांडं कशाचं आहे हे कळायला हवं.

आता सेवेचं सांगते. जारामागे ७० रुपये, पहिल्या वेळी २०० रुपये अनामत. फोन केला की दुपारपर्यंत जार येतो. आणणारा मुलगा जार खांद्यावरून थेट डिस्पेन्सरवर चढवून देतो, हे माझ्या वयाच्या माणसाला फार मोठं आहे. सील नेहमी घट्ट. लेबलवर भरल्याची तारीख, बॅच, एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, सगळं वाचता येतं. इथवर तक्रार नाही.

मग मी जार आडवा करून तळ बघायला लागले. एकाच गाडीतून उतरलेले दोन जार, दोन्ही निळे, दोन्हींवर तेच लेबल. एकाच्या तळाशी त्रिकोणात १ हा आकडा, दुसऱ्याच्या तळाशी ७ आणि खाली इंग्रजीत ‘पीसी’. पहिला नवा, पातळ, दाबला की जरा आत जाणारा. दुसरा जाड, टणक, आणि अंगभर ओरखडे पडून धुरकट झालेला. मुलाला विचारलं तर म्हणाला, “टीचर, जार सगळे सारखेच. पाणी तेच असतं ना?” पाणी तेच होतं हे खरं. भांडी मात्र दोन निरनिराळ्या पदार्थांची होती आणि त्यांचं उन्हात, गरम पाण्यात, म्हातारपणी होणारं वागणं अगदी वेगळं आहे.

तळाच्या आकड्याबद्दल आधी एक गोष्ट सांगते, कारण माझ्या ओळखीच्या बऱ्याच सुशिक्षित लोकांचा इथेच घोळ होतो. हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं सुरू केले. भंगार वेगळं करणाऱ्याला कुठलं प्लास्टिक कुठल्या ढिगात टाकायचं ते कळावं, एवढाच त्यांचा उद्देश. १ चांगलं आणि ७ वाईट अशी ती गुणपत्रिका नाही. आकडा पदार्थाचं नाव सांगतो. तो पदार्थ किती जुना झाला, कुठे ठेवला होता, कशानं धुतला, यातलं काहीही आकडा सांगत नाही, आणि सुरक्षिततेचा सगळा प्रश्न तिथेच असतो.

१ म्हणजे पेट, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. दुकानातली एक लिटरची पाण्याची बाटली, थंड पेयाची बाटली, सगळी हीच. २ म्हणजे एचडीपीई, दुधी रंगाचे तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या. ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ६ पॉलिस्टायरीन. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत हे तीन सहसा भेटत नाहीत, म्हणून पुढे जाते. ५ म्हणजे पीपी, पॉलिप्रोपिलीन: डबे, शाळेच्या बाटल्या, बाळाच्या बाटल्या. आणि ७ म्हणजे ‘इतर’. या इतरमध्ये काय काय येतं ते समजून घ्या. पॉलिकार्बोनेट येतं, त्याला पर्याय म्हणून आलेलं ट्रायटनसारखं कोपॉलिएस्टर येतं, मक्याच्या साखरेपासून केलेलं पीएलएसुद्धा येतं. त्यामुळे ७ बघून घाबरून बाटली टाकून देण्यात अर्थ नाही. शेजारी ‘पीसी’, म्हणजे पॉलिकार्बोनेट, लिहिलंय का ते बघायचं. जुन्या निळ्या वीस लिटरी जाराच्या बाबतीत मात्र ७ म्हणजे जवळपास नेहमी पॉलिकार्बोनेटच.

पॉलिकार्बोनेट मजबूत. पडलं तरी फुटत नाही, काचेसारखं आरपार दिसतं, शेकडो वेळा भरता येतं. म्हणून जारवाल्यांना ते आवडतं, आणि परत परत वापरलं जाणारं भांडं म्हणून माझाही त्याला मुळात विरोध नाही. अडचण त्याच्या विटेची आहे. ही भिंत ज्या रेणूच्या विटांनी रचली जाते तो बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. शरीरात हा रेणू इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखा वागतो, हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून ठाऊक आहे. साखळीत घट्ट बसलेला बीपीए काही करत नाही. पण साखळीचे दुवे पाण्यानं तुटू शकतात, त्याला जलअपघटन म्हणतात, आणि उष्णता व अल्कली या दोन गोष्टी ते तुटणं फार वाढवतात. आता जार परत गेल्यावर त्याला कशानं धुतात ते आठवा. कारखान्यात परतीचे जार साधारणपणे गरम कॉस्टिक सोड्याच्या किंवा अल्कलीयुक्त साबणाच्या फवाऱ्यानं धुतात. जंतूंच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण प्रत्येक धुण्यात आतला पृष्ठभाग थोडाथोडा झिजतो, आणि जो जार वर्षानुवर्षं फिरतोय, ब्रशनं घासून आतून खरखरीत झालाय, टेंपोत उन्हात तापतोय, त्यातून नव्या जारापेक्षा जास्त बीपीए सुटणार.

हे किती काळजीचं, यावर जगात एकमत नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, एफ्सानं, एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम अशी ठरवली. आधी २०१५ मध्ये ती ४ मायक्रोग्रॅम होती. म्हणजे एकदम वीस हजार पटींनी खाली. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघानं अन्नपाण्याला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए वापरायलाच बंदी केली, जी टप्प्याटप्प्यानं लागू होते आहे. अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेची, भूमिका मात्र वेगळी: अन्नात सध्या आढळणाऱ्या पातळीला बीपीए सुरक्षित आहे. पण त्याच एफडीएनं २०१२ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्या आणि झाकणाच्या पेल्यांतून पॉलिकार्बोनेटची परवानगी काढून घेतली, आणि युरोपनं २०११ मध्येच बाळाच्या बाटल्यांवर बंदी घातली होती. माझं मत असं: धडधाकट मोठ्या माणसानं स्वच्छ, चकचकीत पीसी जारातलं गार पाणी प्यायलं तर त्यानं झोप उडवून घेऊ नये. गरोदर बाई आणि तान्हं मूल असलेल्या घरानं जुना, धुरकट पीसी जार दारातूनच परत पाठवावा. मी तेच केलं.

पहिल्यांदा जार परत दिला तेव्हा पुरवठादाराच्या ऑफिसातून फोन आला, आणि बोलणारी व्यक्ती म्हणाली की जार ‘आयएसआय’चा आहे, म्हणजे सगळं बरोबर. हा मुद्दा सविस्तर सांगायला हवा. पॅकबंद पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १४५४३, आणि नैसर्गिक मिनरल वॉटरचं आयएस १३४२८. जारावरचा क्रमांक बहुतेक वेळा पहिलाच असतो. हे मानक मुख्यतः पाण्याचं. डब्याचं, बाटलीचं, जाराचं मानक वेगळं: आयएस १५४१०. पाण्याचं प्रमाणपत्र ताजं असतं, जार मात्र कितव्या फेरीत आहे हे ते प्रमाणपत्र सांगत नाही. शिवाय २००१ पासून पॅकबंद पाण्याला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, हे आयएसआय चिन्ह सक्तीचं होतं, ती सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएसएसएआयनं काढली आणि पुढच्याच महिन्यात हे पाणी ‘उच्च जोखमीच्या’ पदार्थांत घालून तपासणी कडक केली. त्यामुळे आता चिन्ह असेल तर ते खरं आहे का, हे बघणं ग्राहकाचंच काम आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ आणि पुढे आकडे असतात, तो परवाना क्रमांक. ते ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घातले की परवाना कुणाचा, कशासाठी, चालू आहे का, लगेच दिसतं. आमच्या पुरवठादाराचा क्रमांक मी तपासला, चालू निघाला. हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं.

फोनवरच्या बोलण्यानंतर त्यांनी आमच्या घरासाठी १ आकड्याचेच जार पाठवायचं कबूल केलं आणि ते पाळलं. मुलगा आता स्वतःच जार उतरवताना तळ माझ्याकडे करतो.

पेटच्या जारालाही मी पूर्ण गुण देत नाही. पेटमध्ये बीपीए नसतो, तो त्याच्या रचनेतच नाही. त्यामुळे पेटच्या किंवा पीपीच्या बाटलीवर ‘बीपीए फ्री’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पेट तयार करताना उत्प्रेरक म्हणून बहुधा अँटिमनी या धातूसारख्या, जास्त झालं तर विषारी ठरणाऱ्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, आणि त्याचा अंश पदार्थात राहतो. तो पाण्यात किती उतरतो, हे वेळ आणि त्याहून जास्त तापमान ठरवतं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये यावर काम केलं, कारण त्यांच्याकडेही ऊन भयंकर. खोलीच्या तापमानाला तीन महिने ठेवलेल्या बाटल्यांत अँटिमनी जवळपास वाढलंच नाही. ६० अंश सेल्सियसला ठेवलेल्या बाटलीत अमेरिकेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा, म्हणजे अब्जात ६ भाग (लिटरला ६ मायक्रोग्रॅम), ओलांडायला १७६ दिवस लागतील असा हिशेब निघाला. ८० अंशांना मात्र फक्त २.३ दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा यापेक्षा सैल आहे, लिटरला २० मायक्रोग्रॅम.

हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण ‘गाडीत विसरलेली बाटली प्यायली की कॅन्सर होतो’ हा निरोप दर उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो. एखाद्या दुपारी मडगावच्या पार्किंगमध्ये गाडीत राहिलेली बाटली विषारी होत नाही. पाण्याला प्लास्टिकची गोडसर चव येते, ती बहुधा ॲसिटाल्डिहाइडची. पेट तापलं की ते सुटतं. चव नको असेल तर ते पाणी झाडाला घाला. जगात काही ठिकाणी तर नळ नसलेल्या वस्त्यांत पेटच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवायला सांगतात, ढगाळ असेल तर दोन दिवस, म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांनी जंतू मरतात. सोडिस म्हणतात त्या पद्धतीला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिलेली आहे. जुलाब-कॉलऱ्याचा धोका खराखुरा आणि आजचा असतो, तिथे हा हिशेब बरोबरच आहे.

मला चिंता वाटते ती महिनोन्‌महिने तापणाऱ्या साठ्याची. महामार्गावरच्या गाड्यांवर, किनाऱ्याकडच्या दुकानांबाहेर, पाण्याच्या बाटल्यांचे खोके पत्र्याच्या आडोशाला किंवा थेट उन्हात रचलेले असतात. मार्च ते मे ते तिथेच. मग बाटली फ्रीजमध्ये जाते, गार होते आणि गिऱ्हाइकाला ती कुठून आली ते कळतही नाही. म्हणून मी बाहेर पाणी घेताना दुकानाच्या आतल्या फळीवरची बाटली मागते, भरल्याची तारीख बघते, आणि लेबल उन्हानं विटलेली बाटली असेल तर घेत नाही. आमच्या जारवाल्याला याच बाबतीत मी गुण कापले. त्यांचा टेंपो उघडा. उन्हाळ्यात भरलेले जार दुपारी बारा वाजता बाजारात उभे असतात.

आता आमच्या गोव्याच्या स्वयंपाकघरातला विषय. आपल्याकडे रिकामी पाण्याची बाटली कुणी टाकत नाही, आणि ही काटकसर मला आवडते. पण त्या बाटलीत काय काय भरतात ते बघा. कोकमाचा आगळ, घाण्यावरचं खोबरेल, माडाचं व्हिनेगर, मार्च-एप्रिलात रस्त्याकडेला विकायला ठेवलेला हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू. यातलं बहुतेक पेटला सोसतं. तेल, व्हिनेगर, दारू कारखानेही पेटमध्ये भरतात. फक्त ते नवी बाटली वापरतात. एकदा वापरलेली, गरम पाण्यानं विसळून वेडीवाकडी झालेली, आतून नीट न सुकलेली बाटली ही वेगळी गोष्ट. साधारण ७० अंशांच्या पुढे पेट मऊ पडायला लागतं, म्हणून तिला उकळत्या पाण्यानं निर्जंतुक करताच येत नाही. अरुंद तोंडातून हात जात नाही, ब्रश तळाला पोचत नाही, आणि आमच्या दमट हवेत बुचाच्या आट्यांमध्ये काळपट बुरशी धरते. पाण्याच्या बाटलीचा पुनर्वापर करू नका असं मी सांगते ते रसायनांपेक्षा या बुरशीमुळे आणि जंतूंमुळे.

आणि एक कळकळीची विनंती. फिनाइल, संडासचं ॲसिड, रॉकेल, शेतीचं औषध, यांतलं काहीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लेबल चिकटवलं तरी नको. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही, अंधारात मोठं माणूससुद्धा वाचत नाही. माझ्या शिक्षकी आयुष्यात प्रयोगशाळेतला सगळ्यात कडक नियम हाच होता: पिण्याच्या भांड्यात रसायन नाही.

घरात मुलं असतील तर एक छोटा प्रयोग करून दाखवा. बाटलीचा आणि तिच्या बुचाचा नखाएवढा तुकडा कापा, पाण्यात साबणाचा एक थेंब घालून दोन्ही तुकडे बुडवा, हवेचे बुडबुडे झटका. बाटलीचा तुकडा तळाला जातो, कारण पेटची घनता सुमारे १.३८, पाण्याची १. बूच वर येतं, कारण ते पीपीचं किंवा एचडीपीईचं, पाण्यापेक्षा हलकं. पॉलिकार्बोनेटचा तुकडा बुडतो, १.२० मुळे. तळाचा शिक्का झिजलेल्या भांड्यासाठी ही परीक्षा उपयोगी पडते. जाळून वास घ्यायची पद्धत काही जण सांगतात, ती करू नका. पीव्हीसी असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर नाकात जातो.

नातीच्या बाटल्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या पीपीच्या, ५ आकड्याच्या. पीपी साधारण १६० अंशांपुढे वितळतं, उकळलं तरी टिकतं, बीपीए नाही. पण २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की पीपीच्या बाटलीत गरम पाणी घालून दूध हलवलं की सूक्ष्म प्लास्टिकचे कण सुटतात, काही बाटल्यांत लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. पावडरचं दूध मात्र किमान ७० अंशांच्या पाण्यातच कालवायला हवं, कारण पावडरीत जंतू असू शकतात. यातून वाट सोपी आहे: दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवायचं, कोमट होऊ द्यायचं, मग बाटलीत ओतायचं. सून आता तसंच करते. तिला एक भांडं जास्त घासावं लागतं, एवढंच.

मोठ्यांच्या पाण्यातल्या सूक्ष्म कणांबद्दलही सारखं विचारतात. कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या तीन कंपन्यांचं बाटलीबंद पाणी नव्या पद्धतीनं मोजलं आणि लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण सापडले, त्यातले नव्वद टक्के नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म आकाराचे. लक्षात राहावी अशी गोष्ट ही की पेटच्या कणांपेक्षा पॉलिअमाइडचे, म्हणजे नायलॉनच्या जातीचे कण जास्त होते. ते पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांमधून आले असावेत असा त्यांचा अंदाज. शरीरावर नेमका काय परिणाम होतो, यावर काम चालू आहे. तोवर बाटलीबंद पाणी नळाच्या पाण्यापेक्षा आपोआप शुद्ध, हे मी कुणाला सांगणार नाही.

डिस्पेन्सरला या सगळ्यात मी सगळ्यात कमी गुण देते. पुरवठादाराकडून भाड्यानं घेतलेलं यंत्र, वरून पुसलेलं चकचकीत. नळ उघडून आतली रबरी चकती काढली तर बोटाला बुळबुळीत थर लागला. जार कितीही चांगला असो, त्यातलं पाणी या थरावरून वाहत पेल्यात येतं. पुरवठादाराकडे डिस्पेन्सर धुण्याची वेगळी सोय नाही, विचारल्यावर ‘तुम्हीच पुसा’ असं उत्तर मिळालं, आणि भाडं घेणाऱ्यानं असं म्हणणं मला पटलं नाही. आता दर महिन्याला मी तो रिकामा करून व्हिनेगरच्या पाण्यानं क्षार काढते, मग पातळ ब्लीचचं पाणी नळातून सोडते आणि भरपूर साध्या पाण्यानं वास जाईपर्यंत धुते. व्हिनेगर आणि ब्लीच एका वेळी कधीच एकत्र करायचे नाहीत, क्लोरीन वायू सुटतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी डिस्पेन्सर न घेता जाराला हातपंप लावावा. त्याच्या नळ्याही धुवाव्या लागतात, पण त्या निदान डोळ्यांना दिसतात.

रोजच्या वापरासाठी मी बाजारातल्या एका जुन्या भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या बाटल्या आणल्या. त्या दुकानाला पूर्ण गुण. दुकानदार भावानं न कंटाळता प्रत्येक बाटलीचा तळ दाखवला, ३०४ चा, म्हणजे चांगल्या प्रतीच्या स्टीलचा, शिक्का असलेल्या आणि नसलेल्या वेगळ्या काढल्या. लोहचुंबक लावून बघावा का असं शेजारची बाई विचारत होती, तर त्यानंच सांगितलं की स्वस्त २०१ स्टीललाही चुंबक नीट चिकटत नाही, त्यामुळे चुंबकावर जाऊ नका, शिक्का आणि पावती घ्या. बरोबर सांगितलं. रुंद तोंडाची बाटली थोडी महाग पडली, पण हात आत जातो. आत प्लास्टिकचा किंवा रंगाचा लेप नाही हेही बघून घेतलं.

तर फोंड्यातल्या या जारसेवेला पाच पैकी साडेतीन तारे. पाण्याला आणि वेळेला चार, ऐकून घेऊन जार बदलल्याबद्दल चार, डिस्पेन्सरला दोन. टेंपोबद्दल मी पुन्हा ऑफिसात बोलले, तेव्हा एप्रिलपासून जारांवर पांढरी ताडपत्री बांधायला लागले आहेत. नवं गिऱ्हाईक होणाऱ्यांनी पहिल्याच फोनवर सांगावं: १ आकड्याचा किंवा ओरखडे नसलेला जार हवा, धुरकट असेल तर परत जाईल, आणि डिस्पेन्सर देताना नळ उघडून दाखवा. आम्हाला तरी त्यांनी नाही म्हटलं नाही.